शिलावर्तुळांचे दप्तर

एखादे प्राचीन थडगे हरवले असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा ते जमिनीतून नाहीसे झाले असा त्याचा अर्थ बहुधा नसतो. ज्या माळावर ते दोन-अडीच हजार वर्षे होते त्याच माळावर ते असते, गुराखी त्याच्या कडेने रोज जनावरे हाकीत असतो, नांगर त्याला वळसा घालून पुढे जात असतो, आणि गावातील वृद्ध मंडळी त्याची उत्पत्ती कोणा तरी जुन्या राजाच्या माथी मारून मोकळी झालेली असतात. हरवलेला असतो तो संबंध. ते थडगे कोणी व केव्हा उकरले, त्यात काय सापडले, सापडलेली वस्तू कोणत्या संग्रहात जाऊन पडली, आणि ज्या लेखात तिचे वर्णन छापले आहे तो लेख नेमक्या कोणत्या दगडांविषयी बोलतो आहे, ह्या गोष्टींची रुजवात ज्या दिवशी तुटते त्या दिवशी थडगे हरवते, आणि ती पुन्हा घालता आली म्हणजे ते सापडते. नागपूर व वर्धा ह्या जिल्ह्यांत पसरलेल्या शिलावर्तुळांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा वृत्तान्त पाहिला, तर ही रुजवात कशी तुटते आणि ती कशाच्या बळावर पुन्हा घालता येते, हे दोन्ही त्यात स्पष्ट दिसते.

ही वर्तुळे प्रथमदर्शनी फारशी भव्य वाटत नाहीत. काळ्या पाषाणाच्या मोठमोठ्या ओबडधोबड शिळा एकमेकींना जवळजवळ लगटून गोलाकार मांडलेल्या, आतली जागा भोवतालच्या जमिनीहून किंचित उंच, तिच्यावर गोट्यांचा थर, आणि त्याखाली मुद्दाम आणून भरलेली चिकट काळी माती, असे त्यांचे सर्वसाधारण रूप असते. व्यास बहुधा दहापासून वीस मीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक. मातीच्या खाली माणसाची हाडे मिळतात, परंतु ती पुष्कळदा अपुरी व विस्कळीत असतात, कारण प्रेत अन्यत्र ठेवून कालांतराने त्याचे निवडक अवशेष येथे आणून पुरण्याची चाल त्या समाजात असावी. हाडांच्या सोबतीला काळी-तांबडी मृद्भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, कट्यारी, घोड्याच्या तोंडात घालावयाच्या कड्या, तांब्याचे दागिने आणि अकीक वगैरे दगडांचे मणी. नागपूरच्या वायव्येस काटोलच्या रस्त्यावर असलेल्या जुनापाणी ह्या एकाच स्थळी अशी सुमारे तीनशे वर्तुळे मोजली गेली आहेत. त्यांच्यावर अक्षर नाही, मुद्रा नाही, राजाचे नाव नाही. त्यामुळे ताम्रपट आणि शिलालेख ह्यांच्या आधारे इतिहास रचणाऱ्या विद्वानांची दृष्टी दीर्घकाळ त्यांच्यावरून घसरून पुढे गेली, आणि त्यांची पहिली दखल घेण्याचे काम मिशनरी, लष्करी अंमलदार आणि मुलकी अधिकारी ह्या हौशी वर्गाकडे आले.

हा हौशी वर्ग एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानभर पसरलेला होता आणि त्याच्या लेखनाला व्यासपीठही होते. १८०४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत १८२३ साली बॅबिंग्टन ह्यांचा मलबारातील ‘पांडु कुळी’ ह्या दफनांविषयीचा निबंध छापला गेला. हिंदुस्थानातील महापाषाणीय स्मारकांवरील आरंभीच्या छापील वर्णनांत त्याची गणना होते. पुढे निजामाच्या मुलखाच्या नैर्ऋत्य भागात, सुरपूर संस्थानात कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलर ह्यांनी, ज्यांना मराठी वाचक ठगांच्या कादंबरीमुळे ओळखतात, भीमेच्या परिसरातील थडगी उकरली, आणि त्या काळात जवळजवळ कोणी न केलेली एक गोष्ट केली: उकरलेल्या थडग्याचा उभा छेद कागदावर काढून कोणत्या थरात काय मिळाले ते दाखविले. त्यांना हे दगड केल्टिक किंवा ड्रुइड लोकांचे वाटत होते, ही कल्पना आज कोणी मानीत नाही. परंतु त्यांच्या छेदचित्रांचा गौरव सुमारे एका शतकानंतर मॉर्टिमर व्हीलर ह्यांच्यासारख्या शिस्तीच्या उत्खननकाराने केला. तर्क आणि नोंद ह्यांचे आयुर्मान किती भिन्न असते, ह्याचा हा पहिला दाखला होय.

विदर्भातील वर्तुळांचा प्रश्न विद्वानांपुढे आणण्याचे श्रेय स्टीफन हिस्लॉप ह्यांना द्यावे लागते. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे हे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले, तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. धर्मोपदेश आणि शाळा हे त्यांचे नेमलेले काम. परंतु मुळात निसर्गशास्त्राची गोडी असल्यामुळे फिरतीवर असताना खडक, जीवाश्म, वनस्पती आणि गोंडांची भाषा व गीते ह्या सर्वांच्या टिपणांनी त्यांच्या वह्या भरत गेल्या. सहकारी रॉबर्ट हंटर ह्यांच्यासह त्यांनी नागपूरच्या भूस्तरांवर लिहिलेला निबंध लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या दृष्टीने ते खडकाचा थर पाहत, त्याच दृष्टीने त्यांनी ह्या मांडलेल्या शिळांकडेही पाहिले, आणि त्या निसर्गाने टाकलेल्या नसून माणसाने आणून ठेवलेल्या आहेत हे ओळखून नागपूरच्या दक्षिणेस बोरीजवळच्या टाकळघाट येथील वर्तुळांकडे लक्ष वेधले.

ह्या टाकळघाटाशी त्यांच्या आयुष्याचा शेवटही निगडित झाला. १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला आणि त्याची सूत्रे लवकरच सर रिचर्ड टेंपल ह्यांच्याकडे गेली. हेच टेंपल पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. प्राचीन वस्तूंविषयी त्यांना आस्था होती, नागपूरचे संग्रहालय, ज्याला तेथील लोक आजही ‘अजब बंगला’ म्हणतात, त्यांच्याच कारकिर्दीत १८६३ मध्ये स्थापन झाले. त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्यात टाकळघाटची वर्तुळे उकरून पाहण्यासाठी टेंपल आणि हिस्लॉप बरोबर गेले. काम आटोपल्यावर टेंपल मुक्कामाकडे परतले, हिस्लॉप गावातील शाळा तपासण्यासाठी मागे थांबले, आणि दिवस मावळल्यावर घोड्यावरून एकटेच निघाले असता पावसाने फुगलेल्या नाल्यात बुडून ४ सप्टेंबर रोजी मरण पावले. त्यांच्या वह्यांतील आदिवासींविषयीची टिपणे टेंपल ह्यांनी संपादित करून १८६६ मध्ये छापविली, म्हणून गोंडांच्या लिंगोची गाथा आज अभ्यासकांना उपलब्ध आहे. शिलावर्तुळांच्या बाबतीत मात्र हिस्लॉप ह्यांच्या हातून असा सलग ग्रंथ सिद्ध झालेला नव्हता. त्यामुळे जे त्यांनी पाहिले होते त्याचा बराचसा भाग त्यांच्याबरोबरच गेला. ज्या माणसाला स्थळाची सर्वांत अधिक माहिती असते त्याच्याकडूनच ती लिहून ठेवण्याचे काम लांबणीवर पडते, हा अनुभव पुरातत्त्वात नवा नाही.

हिस्लॉप ह्यांच्यानंतर मेजर पियर्सन ह्यांनी जुनापाणीस उकरणे केले, कॅरी ह्यांनी वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा येथे. आणि ह्या सर्व धडपडीचा साकल्याने वृत्तान्त लिहिला तो जे. एच. रिव्हेट-कार्नॅक ह्यांनी, बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या १८७९ च्या नियतकालिकात. कापूस कमिशनर म्हणून ह्या गृहस्थांनी मध्यप्रांत व वऱ्हाड पालथे घातले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेल्या महत्त्वातून निर्माण झालेले हे पद त्यांना काळ्या मातीच्या गावोगाव घेऊन गेले, आणि जेथे उत्तम कापूस तेथेच ही वर्तुळेही, असा योग असल्यामुळे सरकारी फिरती व पुरातत्त्वाची हौस ह्यांची सांगड आपोआप बसली. त्यांच्या निबंधात जुनापाणीचा ठावठिकाणा नागपूरच्या सिव्हिल स्टेशनपासूनचे अंतर आणि काटोलचा हमरस्ता ह्यांच्या आधारे दिला आहे, वर्तुळांची मापे आहेत, सापडलेल्या लोखंडी वस्तूंचे वर्णन आहे. काही शिळांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे त्यांना दिसले, आणि त्याच सुमारास स्कॉटलंड-इंग्लंडमधील अशाच खळग्यांवर ग्रंथ लिहिणारे सर जेम्स सिम्प्सन, म्हणजे प्रसूतीसाठी क्लोरोफॉर्मचा उपयोग रूढ करणारे प्रसिद्ध डॉक्टर, ह्यांच्या चित्रांशी त्यांनी ते ताडून पाहिले. पुढे कुमाऊंत चंद्रेश्वर येथील कातळावर तसेच खळगे आढळल्यावर तर आपले अनुमान सिद्ध झाले असे त्यांना वाटू लागले.

ते अनुमान असे की, युरोपातील टेकडीवजा थडगी आणि विदर्भातील ही वर्तुळे एकाच वंशाची कृती असून, मध्य आशियातून निघालेल्या शकांसारख्या एखाद्या भटक्या जमातीची एक शाखा पश्चिमेस व दुसरी हिंदुस्थानात आली. ह्याच्या शेजारी गावकऱ्यांचे मत ठेवावे. त्यांच्या मते हे दगड गवळी राजांचे. फार पूर्वी ह्या मुलखावर गवळ्यांचा अंमल होता आणि त्यांनीच ही वर्तुळे मांडली. विद्वानाचा शक आणि खेडुताचा गवळी ह्या दोघांनाही प्रत्यक्ष पुराव्याचा आधार नव्हता. तथापि दोघांनाही एकच गोष्ट जाणवली होती, ती ही की, हे दगड मांडणारे लोक जनावरांच्या सोबतीने जगणारे असावेत. विद्वानाने ती घोड्याच्या कड्यांवरून ताडली. गावकऱ्यांनी ती कशावरून ताडली हे सांगता येत नाही, पण वर्तुळे बहुधा पाण्याच्या आसपासच्या उतरणीवर, चराईच्या जागी आहेत, हे त्यांच्या पिढ्यानुपिढ्यांच्या नजरेतून सुटले नसेल.

येथपर्यंत हा वृत्तान्त उत्साहाचा आहे; ह्यापुढे तो विस्मरणाचा होतो. पियर्सन ह्यांना मिळालेल्या वस्तूंपैकी काही इंग्लंडला गेल्या. १८९७ मध्ये हेन्री कझिन्स ह्यांनी मध्यप्रांत व वऱ्हाड ह्यांतील पुरावशेषांच्या याद्या प्रसिद्ध केल्या, त्यांत अनेक गावांच्या नावांपुढे शिलावर्तुळांची नोंद आली. परंतु यादीतील एक ओळ म्हणजे स्थळ नव्हे. इंग्रजी लिपीत लिहिलेले गावाचे नाव मराठीत नेमके कोणते, त्या नावाची जिल्ह्यात किती गावे, अंतर कोणत्या रस्त्याने मोजले, आणि ज्या मौजाच्या शिवेत वर्तुळ होते ती शीव पुढच्या बंदोबस्तात हलली की काय, असे प्रश्न तेथून सुरू होतात. टाकळघाटाच्या शेजारचे गाव खापा. पण नागपूरच्या उत्तरेस कन्हान नदीकाठी खापा नावाचे एक मोठे व अधिक प्रसिद्ध गाव आहे, आणि नुसते ‘खापा येथील वर्तुळे’ एवढेच वाचून निघालेला माणूस जिल्ह्याच्या भलत्याच टोकाला जाऊन पोचेल. दरम्यान रस्त्यांच्या खडीसाठी, विहिरींच्या बांधणीसाठी, शेताच्या बांधासाठी दगड उचलले जात होते. मालगुजाराला त्यात गैर काही दिसण्याचे कारण नव्हते, कारण कोणत्याही खसऱ्यात त्या दगडांची स्वतंत्र नोंद नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्या विषयाचा मागोवा चालू ठेवणारे प्रयत्न तुरळकच झाले. यवतमाळच्या शारदाश्रमाच्या वार्षिकात १९३३ साली दुसऱ्याच एका हंटर ह्यांनी माहुरझरीच्या पुरावशेषांवर लिहिलेला लेख हा त्यांपैकी एक.

जुन्या कागदांवरून पुन्हा जमिनीकडे जाण्याचे काम पद्धतशीरपणे सुरू झाले ते स्वातंत्र्यानंतर. १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर ह्यांनी जुनापाणीत उत्खनन केले, आणि रिव्हेट-कार्नॅक ह्यांचे माप व त्यांच्या वस्तू प्रथमच थरांच्या क्रमात बसविता आल्या. त्यानंतर १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव ह्यांनी निवडले ते टाकळघाट-खापा, म्हणजे हिस्लॉप आणि टेंपल ज्यासाठी गेले होते तेच स्थळ. देव ह्यांची मोठी कामगिरी अशी की, त्यांनी जुन्या लेखकांच्या प्रश्नाची दिशाच बदलली. पूर्वीच्या प्रत्येकाने विचारले होते की येथे पुरलेले कोण. देव ह्यांनी विचारले की पुरणारे राहत कोठे होते. खाप्याच्या बाजूला वर्तुळे आणि टाकळघाटच्या बाजूला पांढरीचे टेकाड, असे दोन्ही बरोबर खणल्यावर टेकाडात खांबांचे खळगे, चुली, जमिनी, लोखंड आणि वर्तुळांत मिळतात तशीच भांडी मिळाली, आणि कोळशाच्या परीक्षणावरून वस्तीचा काळ ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकाच्या आसपास जाऊ लागला. थडग्यांचे लोक प्रथमच घरी भेटले. एकोणिसाव्या शतकातील शोधकांनी त्या टेकाडाकडे लक्ष दिले नाही, ह्याचे कारण उघड आहे: त्यांना दगड दिसत होते, आणि मातीचा उंचवटा हा त्यांच्या दृष्टीने केवळ मातीचा उंचवटा होता.

ह्यानंतर एकेक धागा जुळत गेला. १९७० ते १९७२ मध्ये माहुरझरी येथे देव ह्यांनी काढलेल्या वर्तुळांत माणसांच्या बरोबर घोडे पुरलेले आढळले. घोड्याच्या मस्तकावर बसविण्याचे तांब्याचे आभूषण, लोखंडी लगाम-कड्या आणि तांब्याच्या मुठीच्या कट्यारी हे पाहिल्यावर त्या समाजात घोड्याचे स्थान केवळ वाहनाचे नव्हते हे मान्य करावे लागते. माहुरझरी हे मणी बनविण्याचेही केंद्र होते. पुढे पेंच नदीकाठी नायकुंड येथे १९७८ ते १९८० मधील उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, तेव्हा वर्तुळांतील कुऱ्हाडी आणि छिन्न्या परदेशी टोळीने खांद्यावर वाहून आणलेल्या नसून येथल्याच दगडापासून, येथल्याच कारागिराने घडविलेल्या होत्या, हे सांगण्यास बळकट आधार आला. शकांच्या स्वारीच्या तर्काचा निकाल असा एखाद्या नव्या तर्काने लागला नाही. तो भट्टीच्या विटांनी लावला.

तरीही एका हानीची भरपाई ह्यांपैकी कोणत्याही उत्खननाला करता आली नाही, आणि ती करताही येणार नाही. एकोणिसाव्या शतकात जी वर्तुळे उकरली गेली ती आता उकरलेलीच आहेत. थरांचा क्रम एकदाच वाचता येतो. वाचताना पान फाडावे लागते अशी ह्या शास्त्राची विचित्र अट आहे. अशा वर्तुळापाशी आज उभे राहणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीने शेजारचे न उकरलेले वर्तुळ हा पुरावा असतो, आणि उकरलेल्या वर्तुळाचा पुरावा मात्र शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या पानावरील चार ओळींत आणि संग्रहालयातील एखाद्या चिठ्ठीवर उरलेला असतो. त्या ओळींत खोली फुटांत दिली असेल, हाडे व भांडी कोणत्या दिशेस होती हे सांगितले असेल, तर ते थडगे अंशतः का होईना पुन्हा उभे करता येते. ‘पुष्कळ मनोरंजक वस्तू मिळाल्या’ एवढेच लिहिले असेल, तर ते कायमचे गेले. म्हणून ह्या जुन्या हौशी शोधकांचे मूल्यमापन करताना त्यांच्या विद्वत्तेची मोजदाद करण्याऐवजी त्यांच्या तपशिलाची करावी, असे मला वाटते. ज्यांची अनुमाने सर्वस्वी चुकीची ठरली त्यांच्या मापांनी आपल्याला वाट दाखविली आहे, आणि ज्यांनी केवळ अनुमाने मागे ठेवली त्यांचे नाव ग्रंथसूचीपलीकडे कोठे लागत नाही.

हा निष्कर्ष केवळ गतकालाच्या न्यायनिवाड्यापुरता नाही. जुनापाणीसह नागपूर जिल्ह्यातील अनेक शिलावर्तुळस्थळे केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत आहेत. परंतु वर्तुळांची संख्या त्या यादीत मावणारी नाही, आणि नागपूर शहर काटोलच्या दिशेने वाढत असताना, टाकळघाटच्या शेजारी बुटीबोरीची औद्योगिक वसाहत पसरलेली असताना, प्रत्येक वर्तुळ जागच्या जागी राहील अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे होईल. काही जातील, प्रश्न इतकाच की ती जाण्यापूर्वी त्यांची नोंद कोणाच्या दप्तरात आणि कशा प्रकारे होते. पुरातत्त्व खात्याचे अहवाल विद्वानांच्या कपाटात असतात, आणि जमिनीचा व्यवहार करणारा माणूस ते कधीच उघडत नाही. तो उघडतो तो सात-बाराचा उतारा. शेताच्या चतुःसीमा, विहीर, झाडे, वहिवाटीचा रस्ता ह्यांची नोंद जर महसुली कागदांत शतकानुशतके होत आली, तर ‘ह्या गटात इतकी शिलावर्तुळे, इतक्या व्यासाची, बांधापासून इतक्या अंतरावर’ अशी एक ओळ गावनकाशात आणि उताऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात चढविण्यास तलाठ्याला फारसे सायास पडू नयेत. हिस्लॉप ह्यांना जे लिहिण्यास सवड मिळाली नाही आणि कझिन्स ह्यांच्या यादीत जे मावले नाही ते एवढेच होते: गाव, गट, दिशा आणि माप.